दाता: गोटू, नर, देशी

पांजरपोळीच्या फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाला बटाटा आधी हुंगायचा आणि भुंकायचं की नाही ते मग ठरवायचा. पेशी-नियंत्रण मंडळाच्या पांढऱ्या गाडीतून उतरलेल्या बाईंना त्याने हुंगलं, शेपटी दोनदा हलवली आणि तो त्यांच्या पुढे पुढे दवाखान्याकडे निघाला. जणू तपासणीला त्यानेच बोलावलं होतं.

"फितूर हाय ह्यो," इलाहीमामा पुटपुटले. "पिशवीत बिस्किटं असणार बाईंच्या."

बटाटा अंगाने गोल आणि रंगाने मातकट होता. पांजरपोळीच्या जैन ट्रस्टच्या आवारात कंदमुळं शिजवायला बंदी होती. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला पोत्यात घालून फाटकाशी सोडून गेलं, तेव्हा डॉक्टर मगदूम म्हणाले होते, "या आवारात एकच बटाटा चालेल, तो हा." त्या दिवशी त्याला उभं राहता येत नव्हतं. चारही पायांचे सांधे सुजून लिंबाएवढे झाले होते आणि जवळून कुणी पाय वाजवत गेलं तरी तो कण्हायचा. त्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती परक्या जंतूंना सोडून त्याच्याच सांध्यांवर उलटली होती. आता तो चाऱ्याच्या गाडीशी शर्यत लावायचा आणि बहुतेक वेळा जिंकायचा.

डॉक्टर आदगोंडा मगदूम जाऊन एकवीस दिवस झाले होते. त्यांची मुलगी चंदना सांगलीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. महिनाभराची रजा काढून ती पांजरपोळीच्या दवाखान्यात वडिलांची कपाटं आवरत बसली होती. भेटायला येणाऱ्यांसमोर ती रडली नव्हती. वह्यांना क्रमांक घालत होती, पाठीवर चिठ्ठ्या डकवत होती. 'पोरगी दगडाची आहे,' असं दोघी-तिघी बायका जाताना म्हणाल्या, ते तिने ऐकलं होतं आणि पुढच्या वहीला क्रमांक घातला होता.

मंडळाच्या निरीक्षक डॉ. भिंगारदिवे चाळिशीच्या, बारीक अंगाच्या आणि बोलायला फार सभ्य होत्या. नवीन नियमाप्रमाणे पेशी-उपचार करणाऱ्या प्रत्येक दवाखान्यातला दाता प्राणी त्यांना स्वतः पाहायचा होता.

"दात्याची नोंद बघू या का?"

चंदनाने पेशींची वही काढली. ही तिने अजून उघडली नव्हती. पहिल्याच पानावर अप्पांचं तिरपं अक्षर होतं.

'दाता. नाव: गोटू. नर. देशी. वय: उतारवय. रंग: सावळा. खाणं: शाकाहारी. स्वभाव: गुरगुरतो, चावत नाही. खोड: गोड दिसलं की ऐकत नाही.'

ट्रस्टच्या कारकुनाने सहा वर्षं हीच नोंद मंडळाच्या अर्जात उतरवली होती आणि कुणी हरकत घेतली नव्हती. जिथे सव्वाशे कुत्री भाकरी, डाळ आणि ताकावर राहतात, तिथे शाकाहारी कुत्र्याचं कुणाला काय नवल?

चंदनाचं बोट मात्र त्या ओळीवर थांबलं. तिची आजी ती दहा वर्षांची असताना गेली. स्वयंपाकघरातून आजी एका विशिष्ट स्वरात हाक मारायची आणि तालुक्याला ज्यांचा दरारा होता ते डॉक्टर मगदूम हातातला लाडू पाठीमागे लपवायचे. ती हाक होती, "गोटू!"

"कुठे आहे हा गोटू?" बाईंनी विचारलं.

"गेला," चंदना म्हणाली. "एकवीस दिवस झाले."

"अरेरे. कशाने?"

"हृदय बंद पडलं. जेवून पडला होता दुपारचा."

"पुरलं कुठे? नमुना मिळाला असता तर बरं झालं असतं."

"दहन केलं."

बाईंचं पेन थांबलं. "कुत्र्याचं?"

"दीडेकशे माणसं आली होती," चंदना म्हणाली.

इलाहीमामांना खोकल्याची मोठी उबळ आली आणि ते बाहेर गेले. ते निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. तीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली होते, आणि त्यांना खोकला कधीच नव्हता.

बाईंनी मग भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं. तिथे काचेच्या छोट्या बाटल्यांच्या रांगा होत्या. प्रत्येकीवर कुत्र्याचं नाव आणि तारीख. प्रत्येकीत तळाशी खसखशीएवढे पांढुरके दाणे.

"कुत्र्यांच्या अंगातून काढलेले पेशींचे जुने दाणे आहेत ते," चंदना म्हणाली. "अप्पांनी एकही फेकलेला नाही."

"सगळ्या बाटल्या? पहिल्यापासून?"

"दोनशे सोळा. मी कालच मोजल्या."

बाईंनी 'बटाटा, २०४१' ही बाटली उचलली, एक दाणा पिशवीतल्या डब्याएवढ्या यंत्रात घातला आणि झाकण लावलं. पेशी कुठल्या प्राण्याच्या, कुठल्या वंशाच्या आणि त्यांत कुठला विषाणू लपला आहे का, ते यंत्र चाळीस मिनिटांत वाचत असे. तेवढ्यात गुळाचा चहा झाला. यंत्र वाजलं. बाईंनी पडद्यावर पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि दुसऱ्या बाटलीतला दाणा घातला. आणखी चाळीस मिनिटं. यंत्राने पुन्हा तेच सांगितलं.

विषाणू: नाही. प्राणी: मानव.

 डॉ. भिंगारदिवेंची नजर वहीवर गेली, तिथून समोरच्या भिंतीवर. हार घातलेला फोटो होता. उतारवयाचा, सावळा माणूस. फोटोखाली तारीख होती. त्यांनी मनात दिवस मोजले.

"मॅडम," त्या हळू म्हणाल्या, "तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"एक शब्दही नाही," चंदना म्हणाली.

*

मूळपेशींचा उपचार सुरू झाला तेव्हा जगभरच्या डॉक्टरांची समजूत अशी होती की या पेशी गवंड्यासारखं काम करतील. झिजलेल्या सांध्यात सोडल्या की कुर्चा होतील आणि खड्डा भरून निघेल. तसं फारसं झालं नाही. पेशी थोड्या दिवसांत मरून जात. तरीही कुत्री उठून चालू लागत. का, ते नंतर उलगडलं. या पेशी बांधकाम करत नव्हत्या, भांडण मिटवत होत्या. दाह पेटलेल्या जागी शरीराची फौज स्वतःच्याच घरावर दगड मारत असते. मूळपेशींना त्या गोंधळाची रासायनिक चाहूल लागते, आणि त्या असे रेणू सोडतात की फौजेचा हात खाली येतो. जाण्याआधी त्या घर शांत करून जातात.

अडचण होती त्या लवकर जाण्याची. त्यावर तोडगा निघाला तो समुद्री शेवाळाच्या जेलचा. पेशी त्या जेलमध्ये कालवायच्या आणि बारीक छिद्रांतून क्षारांच्या पाण्यात थेंब थेंब सोडायच्या. झाऱ्यातून बुंदी पाडावी तसे दाणे पडतात आणि पडताच घट्ट होतात. दाण्याचं कवच म्हणजे डासांची जाळी. वारा आत येतो, डास येत नाही. साखर, प्राणवायू आणि निरोपाचे रेणू ये-जा करतात. पण परक्याला मारायला निघालेली फौजेची पेशी आत शिरू शकत नाही. म्हणून दाण्यातली पेशी दोन वर्षं जगते. आणि म्हणूनच ती त्याच कुत्र्याची असावी लागत नाही. कुत्र्याचीच असावी लागते असंही नाही.

बाकीचे दवाखाने दाता म्हणून तरणी कुत्री पाळत, त्यांना भूल देऊन पोटाची चरबी काढत आणि तीतून मूळपेशी वेगळ्या करत. पांजरपोळीत ते जमण्यासारखं नव्हतं. फाटकाच्या आतल्या भिंतीवर संस्थापकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी गेरूने लिहून घेतलेला नियम होता. दर वर्धापनदिनी अध्यक्ष तो मोठ्याने वाचत आणि दर दिवाळीला त्याच्यावर नवा रंग चढे: 'एका जिवाच्या सोयीसाठी दुसऱ्या जिवाला जखम करू नये.'

*

"हर्निया कुठला ओ ताई?" इलाहीमामा म्हणाले.

बाई आदेश देऊन गेल्या होत्या. नवव्या दिवशी पथक येणार. एक्केचाळीस कुत्र्यांच्या अंगातले दाणे काढायचे आणि नत्राच्या टाकीत गोठवून ठेवलेल्या पेशी नष्ट करायच्या; तोवर टाकीतल्या नळ्यांच्या डब्याला मंडळाचं सील. टाकी साधीच होती, दुधाच्या गावांतून गाईंच्या रेतनासाठी वापरतात तसली. डेअरीची गाडी दर गुरुवारी तिच्यात द्रवरूप नत्र भरून जायची.

"मिरजेला डाक्टरांचा सर्जन दोस्त हाय, त्येनं काढली चरबी. वाटीभर. मी भाईर बसलो हुतो. भाईर आलं तर काय म्हनलं म्हाईत हाय? 'इलाही, आयुष्यात पयल्यांदा पोट कामाला आलं.'"

चंदना हसली नाही. सहा वर्षांपूर्वीचा फोन तिला आठवत होता. 'हर्नियाचं लहानसं ऑपरेशन आहे. येतेस का दोन दिवस?' ग्रंथमोजणी चालू होती. 'पुढच्या महिन्यात करा ना, अप्पा,' ती म्हणाली होती. ते 'बरं' म्हणाले आणि त्याच आठवड्यात करून मोकळे झाले.

"मला का नाही सांगितलं?"

"इचारलं मी. म्हनले, ती वाचनारी पोरगी हाय, धा प्रश्न इचारंल, आन् दोनांची उत्तरं माझ्याकडं न्हाईत."

"कुठले दोन?"

"त्ये न्हाई सांगितलं."

दोन्ही चंदनाला बाईंनीच सांगितले होते, जाताना, गाडीच्या दाराशी. "मी नियमासाठी नियम चालवत नाही, मॅडम. माणसाची पेशी कुत्र्याच्या अंगात दोन वर्षं राहते. कुत्र्याचा एखादा विषाणू त्या दोन वर्षांत तिच्यात शिरायला शिकला, तर तो उद्या माणसात येईल. शक्यता लहान आहे. पण शिकवणी घरबसल्या मिळतेय त्याला. आणि दुसरं, मानवी पेशींना दात्याची लेखी संमती लागते, त्याची स्वतःची, साक्षीदारासमोर. ती कुठे आहे?"

संमतीपत्र नव्हतं. चंदनाने सगळ्या वह्या पालथ्या घातल्या. बटाट्याच्या पानावर मात्र एक नोंद सापडली: 'दाणे बदलणे: या महिन्याची पंधरा तारीख.' अप्पा त्याच महिन्याच्या बाराला गेले होते.

पाचव्या दिवशी बटाटा चाऱ्याच्या गाडीमागे धावला नाही. सहाव्या दिवशी तो फाटकापर्यंत आला, पण मध्ये तीनदा बसला. सातव्या दिवशी चंदनाने त्याच्या पुढच्या पायाला हात लावला तर तो ओरडला, आणि मग ओरडल्याबद्दल माफी मागावी तसा तिचा हात चाटू लागला. सांधा गरम होता.

*

ट्रस्टचे अध्यक्ष भरमूकाका हे अप्पांचे चुलतभाऊ. पंचाहत्तरीचे, पांढरी टोपी, आवाज फटाक्यासारखा. कचेरीत त्यांनी चंदनाला बस म्हटलं नाही.

"लोकांना काय सांगू मी? आमच्या कुत्र्यांच्या अंगात आमचाच माणूस आहे म्हणून?"

"खरं तेच सांगा."

"थट्टा करू नको, पोरी. गावात काय बोलताहेत ऐकलंस? मगदूम डॉक्टर मेल्यावरही भुंकतोय म्हणे."

"जिवंत असताना गुरगुरत होते. थोडी प्रगतीच झाली."

काकांच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. "नोंदणी गेली तर सव्वाशे कुत्री आणि दोनशे गाई मी रस्त्यावर सोडू? पथक येईल, दाणे काढेल, टाकी नेईल. विषय संपला."

"एक्केचाळीस कुत्री महिनाभरात जमिनीला खिळतील, काका. बटाटा आत्ताच खिळलाय."

"मग गोळ्या आहेत की दुखण्याच्या."

"त्या गोळ्यांनी मूत्रपिंडं जातात. तुम्हालाच माहीत आहे, तुम्हीही त्याच खाता."

 काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आदूनं मला तरी सांगायचं होतं. लहानपणी चिंचा चोरल्या तरी सांगायचा मला." मग एकदम वळले. आवाज उतरला होता आणि म्हणून जास्त लागणारा होता. "खरं सांगू? तुला कुत्र्यांचं काही पडलेलं नाही. सहा वर्षांत किती वेळा आलीस इथं? तुला टाकी पाहिजे. टाकीत बाप आहे तुझा. तो सोडवत नाही तुला."

चंदना उभी होती तशीच राहिली. मग "येते," म्हणाली आणि निघाली.

दवाखान्यात येऊन तिने टाकीचं झाकण उघडलं. पांढरा थंड धूर काठावरून सांडला आणि फरशीवर पसरून विरला. आत, उणे एकशे शहाण्णव अंशांवर, काडीएवढ्या नळ्यांत अप्पा होते. म्हणजे अप्पा नव्हते, त्यांच्या पोटाच्या चरबीतल्या काही कोटी पेशी होत्या, हे तिला नीट कळत होतं. त्या हसत नव्हत्या, लाडू लपवत नव्हत्या. पण गरम केल्या तर जगणार होत्या, आणि या जगात अप्पांचं म्हणून जगू शकेल असं दुसरं काही उरलं नव्हतं. काका चुकीचं बोलले नव्हते. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

ती बराच वेळ बसली. बटाटा खुरडत आला आणि तिच्या पायावर हनुवटी टेकून पडला. त्याला टाकीत रस नव्हता.

"मामा," तिने हाक मारली. "झारा स्वच्छ आहे का?"

"हाय की." इलाहीमामांनी तिच्याकडे, मग दाराकडे पाहिलं. "नळ्यांच्या डब्याला सील हाय, ताई. रातच्याला करू या का? कुनाला कळनार न्हाई."

"नाही. परवा सकाळी, पथक यायच्या आधी. उजेडात, दार उघडं ठेवून. आणि वहीत लिहून."

*

नवव्या दिवशी सकाळी दहाला पथक आलं. दोन गाड्या, चार माणसं, पेट्या, भुलीचं औषध. डॉ. भिंगारदिवे पुढे. फाटकाशी भरमूकाका किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते. सगळ्यांनी एकमेकांना नमस्कार केला.

चंदना दवाखान्यातून वही घेऊन आली आणि उघडून बाईंच्या हातात दिली. "आधी हे वाचा. नंतर सापडलं तर लपवलं म्हणाल."

बाईंनी वाचलं. 'आज सकाळी सव्वासातला मंडळाचं सील तोडून एक नळी काढली. दाणे पाडले. बटाटा यास मानेखाली ऐंशी दाणे दिले. हे मी सांगितल्यावरून झालं. चंदना आदगोंडा मगदूम.' खाली सही होती.

"हे मला कळवावं लागेल," बाई म्हणाल्या. "तुमच्यावर गुन्हा दाखल होईल."

"नक्कल काढून ठेवली आहे तुमच्यासाठी. आत टेबलावर आहे."

"मी बी सही करनार हुतो," इलाहीमामा मागून म्हणाले. "ताईंनी वही वडून घेतली."

भरमूकाका तडकले. "चंदना! ट्रस्टचं नाव—"

"काका," ती म्हणाली, "भिंतीवरचं वाचता का एकदा?"

"काय?"

"दरवर्षी वाचता तुम्ही. तुमच्या आजोबांनी लिहून घेतलंय. या बाईसाहेबांना ऐकू दे."

काकांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. मग पाठीमागे, गेरूच्या अक्षरांकडे. पन्नास वेळा वाचलेलं वाक्य होतं; आवाज आपोआप लागला. "एका जिवाच्या सोयीसाठी," ते म्हणाले, "दुसऱ्या जिवाला जखम..." आणि थांबले.

चंदना बाईंकडे वळली. "तुम्ही खरं बोलता, म्हणून विचारते. दाणे काढायला कातडी कापावी लागते. त्या कापण्याने या कुत्र्यांचं काही भलं होणार आहे?"

डॉ. भिंगारदिवेंना दुसरं काही म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या, "त्यांचं नाही. आपलं. आपली भीती कमी होईल."

 गोठ्यात कुठेतरी साखळी वाजली. भरमूकाकांनी किल्ल्यांचा जुडगा हातातल्या हातात दोनदा फिरवला आणि मग सदऱ्याच्या खिशात टाकला.

"बाई," ते म्हणाले, "आत चहा घ्या. पण कुत्र्यांच्या आवाराचं फाटक काही उघडायचं नाही."

"पोलीस घेऊन यावं लागेल मला."

"या की. त्यांनाही चहा देऊ. मग कोर्टात जाऊ. तिथं हे वाक्य मी पाठ म्हणून दाखवतो." ते चंदनाकडे न बघता पुढे म्हणाले, "गाढव आहे ही पोरगी. बापावर गेलीय."

चहा घेताना बाईंनी पिशवीतून कागद काढले. "तुमच्या बाटल्यांपैकी साठ मी नेल्या होत्या. एकातही विषाणू नाही. याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, हे लक्षात ठेवा. पण सहा वर्षांचा एकेक दाणा नावानिशी जपून ठेवलाय. एवढी नोंद आमच्याकडे एकाही कंपनीची नाही. अहवालात हे मी लिहिणार आहे. दाणे अंगात असू देत आणि दर तीन महिन्यांनी कुत्र्यांची तपासणी व्हावी, अशी शिफारस करीन. ऐकतील की नाही, सांगू शकत नाही."

"आणि टाकी?"

"टाकीच्या बाबतीत मला काही करता येणार नाही. दात्याची संमती नाही आणि आता मिळणारही नाही."

"एक विचारू? दाता कुत्रा असला तर संमतीच्या रकान्यात कोण सही करतं?"

"मालक."

"अप्पांना तेच पटलं नसावं," चंदना म्हणाली. "ज्याला विचारता येतं अशा एकाच प्राण्याची चरबी त्यांनी घेतली. विचारलं, तो हो म्हणाला. लिहून घ्यायचं तेवढं राहिलं."

 बाईंच्या कपातला चहा निवत होता.

"टाकी न्या," चंदना म्हणाली.

भरमूकाकांनी मान वर केली. इलाहीमामा म्हणाले, "ताई!"

"न्या. पण पंचनाम्यात तुम्ही 'जैविक कचरा' लिहिता. ते खोडा. नाव लिहा."

"असा रकाना नाही, मॅडम."

"मग समासात लिहा. डॉक्टर आदगोंडा नेमगोंडा मगदूम. जन्म आणि मृत्यूची तारीख मी सांगते. त्याशिवाय टाकी दाराबाहेर जाणार नाही."

डॉ. भिंगारदिवेंनी पेन काढलं आणि समासात, छोट्या नेटक्या अक्षरात, पूर्ण नाव लिहिलं. चंदनाने मगदूममधला दीर्घ उकार तपासला. पथकातल्या दोघांनी टाकी उचलली. पायऱ्या उतरताना झाकण जरा सैल झालं आणि थोडा पांढरा धूर हवेत आला. चंदना बघत राहिली. गाडीचं दार लागलं तेव्हा तिने चष्मा काढून पदराने पुसला. काच स्वच्छच होती. भरमूकाकांनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

"दाणे दोन वर्षं चालतात," गाडीत बसताना बाई म्हणाल्या. "त्यानंतर काय करणार?"

"जिवंत दात्याचा अर्ज कुठे मिळतो?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "सहा महिने लागतात. बहुतेक नाकारतील. त्यात तुमच्यावर केस."

"नाकारल्याचं लेखी द्या म्हणावं. मी क्रमांक घालून ठेवीन आणि पुन्हा करीन."

*

बावीस दिवसांनी बटाटा उठला. आधी फाटकापर्यंत गेला, मग परत आला, मग चाऱ्याच्या गाडीकडे बघून एकदाच भुंकला. शर्यत लावली नाही. 'आज तुला सोडलं' असा काहीतरी त्याचा भाव होता. चंदनाची रजा संपली होती. ती आता दर शनिवारी येत होती. मंडळाचं पत्र आलं होतं, पोलीस ठाण्याचं समन्सही आलं होतं. चिठ्ठ्या डकवून दोन्ही कागद फळीवर लागले होते.

मिरजेचा सर्जन फोनवर म्हणाला होता, "परवानगी आल्याशिवाय मी हात लावणार नाही हो." ती म्हणाली होती, "नका लावू. तारीख तेवढी धरून ठेवा. आणि हर्निया आहे असं कुणाला सांगू नका."

त्या शनिवारी सकाळी तिने पेशींची वही उघडली आणि दुसरं पान काढलं. इलाहीमामा शेजारी साक्षीदार म्हणून बसले होते, अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून. बटाटा टेबलाखाली होता.

'दाता,' तिने लिहिलं. 'नाव: चंदना आदगोंडा मगदूम. घरी चिमी म्हणत. मादी. देशी.'

"वय?" इलाहीमामांनी विचारलं.

'वय: अजून उतार लागायचा आहे. रंग: बापाचा. खाणं: शाकाहारी.'

"वजन बी लिवा."

"अप्पांनी लिहिलं होतं का?"

"न्हाई."

"मग मीही लिहिणार नाही."

'संमती: दिली आहे. स्वतः. पूर्ण शुद्धीत.' तिने सही केली. इलाहीमामांनी खाली आपली सही केली, सावकाश, जीभ दातांत धरून. वही मिटणार एवढ्यात त्यांनी रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.

"सभाव ऱ्हायला की."

चंदनाने मागचं पान उलटून अप्पांची ओळ पुन्हा वाचली. मग पुढच्या पानावर आली आणि ठाम अक्षरात लिहिलं:

'स्वभाव: गुरगुरत नाही. चावते.'